सवाष्णींचं बोलावणं

दवाखान्याच्या भिंतीवर 'महिलांनी आपल्या आरोग्याविषयी जागरूक राहावे' असं रंगवलेलं दिसलं की माझं डोकं फिरतं. अरे, जागरूक राहून करायचं काय? कुणी यायचं, कशासाठी यायचं, दुखत नसलं तरी यायचं का, ते सांगा की धड. माझी नात हसते. म्हणते, आजी, तू भिंतीशी भांडतेस. भांडते बाई. माझी आई अशाच एका गुळगुळीत निरोपापायी गेली. आणि तो निरोप जिनं लिहिला तिच्यावर माझा जीव होता, म्हणून राग अजून विझत नाही.

आमचं घर टाकवे बुद्रुकचं. भाताची चार खाचरं, बैलजोडी, थोरला भाऊ, वहिनी, त्यांचं तान्हं पोर, आई आणि मी. वडील मी कळती व्हायच्या आधीच गेले. आई मागं राहिली ती कामाला वाघीण. लावणीच्या वेळी बायकांच्या रांगेत पहिली ती असायची, आणि गावात कुणी बाळंत व्हायची असली की बोलावणं आधी तिला यायचं. पण कुठं मंगलकार्य निघालं की ती आपली आपण बाजूला व्हायची. लग्नात हळद लागायच्या वेळी चुलीकडे जायची, ओटी भरायच्या वेळी गोठ्याकडे. तिला 'बाजूला सर' म्हणायची वेळ तिनं कुणावर येऊ दिली नाही. गाव तिला समजूतदार म्हणायचं. त्या शब्दाचा मला तेव्हापासून तिटकारा आहे.

एकोणीसशे साठ साल उलटून गेलं होतं. लोणावळ्याच्या एका महिला मंडळाच्या बाई दर गुरुवारी गाडीनं कान्ह्याला उतरत, पुढं मिळेल त्या बैलगाडीनं आमच्या गावी येत, आणि शाळेच्या एका खोलीत आम्हा पोरींना शिवण शिकवत. कडक इस्त्रीचं पातळ, अंबाड्यात फूल, आणि बोलणं असं मऊ की ऐकतच राहावं. काजं करायला त्यांनी मला शिकवलं. भावानं माझं लग्न काढलं तेव्हा आमच्या ओसरीवर बसून त्यांनीच त्याला सांगितलं, "हिची सातवीची फायनल होऊ द्या, दादा. पोरगी हुशार आहे." भाऊ मान खाली घालून 'बरं' म्हणाला. माझ्यासाठी कुणी असं बोललेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. त्या दिवसापासून बाई म्हणजे माझं दैवत. मी त्यांच्यासारखी चालायला लागले, त्यांच्यासारखी बोलायला लागले. 'न्हाई'चं 'नाही' केलं ते त्यांच्यामुळं. वहिनी चिडवायची, "आली बगा लोणावळ्याची चिक्की."

आईचाही बाईंवर फार लोभ. गुरुवारी त्यांच्यासाठी तांदळाची भाकरी आणि पावट्याची आमटी राखून ठेवायची, आणि उन्हं कलली की त्यांना वेशीबाहेर गाडीपर्यंत पोचवायला जायची. मी मागं लागले की म्हणायची, "तू ऱ्हा घरी. आमाला बोलायचं असतंय." मला मत्सर वाटायचा. बाई माझ्या, आणि गुजगोष्टी आईशी.

त्याच हिवाळ्यात आई सगळ्यांच्या आधी, एकटीच नदीवर धुणं घेऊन जायला लागली. विचारलं तर म्हणाली, "गर्दीत धुवाया नगं वाटतं." आता मावळातली बाई आणि धुणं एकटीनं धुते, हे ऐकूनच कुणाला तरी नवल वाटायला हवं होतं. घरात कुणाला वाटलं नाही. अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर, असं आपल्यात हसून म्हणतात. आमच्याकडे तर जावईही नव्हता आणि डॉक्टरही नव्हता. दुखणं तेवढं होतं, आणि ते कुणाला ठाऊक नव्हतं, असं मी समजत होते.

संक्रांत झाली आणि एका सकाळी गावात दवंडी फिरली. निरोप बाईंनी लिहून दिलेला होता. आम्हा पोरींना त्यांनी तो आधी शिवणाच्या वर्गात वाचून दाखवला, त्यामुळं अजून तोंडपाठ आहे. 'समस्त सुवासिनी भगिनींना कळविण्यात येते की, येत्या गुरुवारी शाळेत हळदीकुंकवाचा समारंभ योजिला आहे. त्या मंगल प्रसंगी पुण्याच्या लेडी डॉक्टर स्त्रियांच्या आरोग्याविषयी हितगुज करतील. तरी अगत्य येण्याचे करावे.'

हितगुज. केवढा गोड शब्द. त्यात तपासणी कुठं आहे, कसली आहे, कुणासाठी आहे, शोधून दाखवा. एका पोरीनं विचारलंसुद्धा, की डॉक्टरीण नुसती बोलणार आहे का. बाई हसल्या. म्हणाल्या, "तपासायला येणार आहे गं. पण तपासणी म्हटलं की तुमच्या गावातले पुरुष ऑपरेशन समजतात. बायकांना उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देणार नाहीत. हळदीकुंकवाला कोण अडवतंय?"

बोलणं खोटं नव्हतं. कुटुंबनियोजनाची जीप दिसली की माणसं रानात पळत, असे ते दिवस होते. पण ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, ते किती वेळ? ताक मागायची वेळ आली की भांडं काढावंच लागतं.

गुरुवारी शाळा माणसांनी फुलून गेली. बाया ठेवणीतली लुगडी नेसून आल्या, नथी घालून आल्या. लोणावळ्याहून एक फोटोवाला आला होता, बाईंनी सगळ्यांना नीट बसवून फोटो काढून घेतला. गर्दी बघून त्यांचा चेहरा उजळला होता. मी तिळगूळ वाटत होते. हळदीकुंकू झालं, वाण म्हणून प्रत्येकीला कंगवा मिळाला. खोलीच्या कोपऱ्यात चादर बांधून आडोसा केला होता, त्याच्यामागं बाकडी जोडून ठेवलेली, आणि स्टोव्हवर एका भांड्यात काहीतरी उकळत होतं. बायांना वाटलं चहा.

आई आत आली नव्हती. वहिनीचं पोर सांभाळायला ती शाळेसमोरच्या चिंचेखाली बसली होती. हळदीकुंकवाच्या घरात ती पाय ठेवणार नाही हे गावाला माहीत, तिला माहीत, मलाही माहीत. मला त्यात काही खटकलं नाही, रोजचंच होतं ते. समारंभाच्या मधेच बाई बाहेर गेल्या. खिडकीतून मला दिसलं की त्या चिंचेखाली जाऊन आईपाशी वाकल्या, काहीतरी बोलल्या, तिच्या हातावर लाडू ठेवला आणि परत आल्या. मला बरं वाटलं. म्हटलं, बघा, एवढ्या गडबडीत आमच्या आईची आठवण ठेवली.

मग डॉक्टरीण उठली. वय झालेली, जाड भिंगाचा चष्मा, आवाज खणखणीत. तिनं सरळ अंगावर कोसळल्यासारखं बोलायला सुरुवात केली. पाळी, अंगावरून जाणं, पिशवीचं तोंड. बायांनी पदर तोंडाला लावले. आणि मग ती म्हणाली, आता एकेकीनं आडोशाला या, पातळ सैल करा, मी आतून बघते, कापसाच्या काडीनं पुसून काचेवर घेते, दुखत नाही.

मग पाटलीण उठून उभी राहिली. म्हणाली, "हळदीकुंकवाला बोलावून पातळ फेडाया सांगत्यात व्हय? ही कुटली रीत?" मागून कुणीतरी म्हणालं, "ऑपरेशनवाल्या हायेत गं या." झालं. बाया उठल्या त्या पोरंबाळं उचलून दाराकडे. कंगवे पायाखाली मोडले, एकीची नथ अडकून नाकातून रक्त आलं. बाई 'अहो ऐका, अहो बसा' म्हणत राहिल्या. कोण ऐकतंय? गोड बोलून आणलेलं माणूस एकदा बिथरलं की पुन्हा बसत नाही. वहिनी धावत बाहेर गेली, आईच्या मांडीवरून पोर उचललं आणि घरी पळाली.

थोड्या वेळानं बापई माणसं जमली. दोघातिघांनी आवाज चढवले. डॉक्टरीण आडोशातून बाहेर आली, सकाळपासून एकही बाई तिच्यासमोर आली नव्हती. तिनं हत्यारं पेटीत भरली. बाई घाबऱ्याघुबऱ्या जीपमध्ये बसल्या, मला 'येते गं' एवढंसुद्धा म्हणाल्या नाहीत, आणि जीप धुरळा उडवत गेली.

मी बाहेर आले तर आई चिंचेखाली तशीच बसलेली. पोर नेलं तरी बसलेली, हातात लाडू तसाच.

"आय, चल की घरी," मी म्हटलं.

"जीप गेली का?"

"गेली."

"बाईबी गेल्या?"

"सगळी गेली. चल."

मग उठली. लाडू घरी जाऊन भावाच्या पोराला दिला.

पुढच्या गुरुवारी बाई आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही आल्या नाहीत. गाव चिडलंय, शांत होऊ दे, असा निरोप आला. शिवणाचा वर्ग बंद पडला तो पडलाच. मला रडू यायचं. आई म्हणायची, "येतील. त्यांनी म्हनलंय म्हंजी येतील." मला वाटायचं ती माझी समजूत घालते आहे.

लावणीच्या दिवसांत आई खाचरात बसली ती उठेचना. वहिनीनं हात देऊन उठवली तर लुगडं लाल. गुडघाभर पाण्यात उभी राहून वहिनी ओरडली, तेव्हा घराला कळलं. भावानं गाडी जुंपली, कान्ह्याहून रेल्वेनं आम्ही तिला पुण्याला नेली. मोठा दवाखाना, लांबच लांब खाटांची रांग. कुणीतरी विचारलं, किती दिवस झाले? आई छताकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "लय दिस झालं."

दुसऱ्या दिवशी तपासायला जी डॉक्टरीण आली तिचा जाड भिंगाचा चष्मा बघून मी ओळखलं. तीच ती. तिनं आईला तपासलं, हात धुतले, आणि गाव विचारलं. मी टाकवे म्हटल्यावर तिचा चेहरा बदलला. खाटेच्या कडेवर बसली.

"मी आले होते तुमच्या गावात. दिवसभर बसून राहिले. आजीबाई, तुम्ही का नाही आलात?"

आई म्हणाली, "सवाशिनींचं बोलावनं व्हतं."

डॉक्टरिणीला आधी कळलंच नाही. मग मी दवंडी म्हणून दाखवली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. तिनं चष्मा काढला. म्हणाली, "असं सांगितलं? मी त्या बाईंना शब्द न् शब्द सांगून ठेवला होता. ज्यांची पाळी बंद झाली आहे आणि तरी रक्त दिसतं, त्यांनी आधी यावं. दुखत नसलं तरी यावं. नवरा असो, नसो, यावं. ऑपरेशन नाही, नुसतं बघायचं आहे. एवढंच सांगा म्हटलं होतं." मग म्हणाली, "आणि मी आले होते ती तरी कशाला? त्याच म्हणाल्या, मी शिकवायला जाते त्या गावात अशी एक बाई आहे, विधवा आहे, मला विश्वासानं सांगितलंय तिनं, तुम्ही या. त्या एका बाईसाठी आले होते मी. बाकीच्या आल्या तर आल्या."

मी आईकडे बघितलं तर तिनं तोंड भिंतीकडे केलं होतं.

डॉक्टरीण गेल्यावर मी तिला विचारलं. रागानंच विचारलं. बाईंना सांगितलंस, मला का नाही? म्हणाली, "कुवार पोरीला असलं सांगत्यात व्हय? बाई शिकल्यालं मानूस. परक्या गावचं. बोलले, मोकळी झाले." आणि मग भिंतीकडेच बघत म्हणाली, "त्या दिशी बाई चिंचंखाली आल्या व्हत्या. म्हनल्या, मावशी, आत समद्या सवाशिनी हायेत, पाटलीन बसलीया, आत्ता तुमाला कसं नेऊ? त्या उटल्या की बोलावते, तवर हितंच थांबा. म्या थांबले. मग जीपच गेली."

जिनं माझं लग्न थांबवलं, मला माणसात आणलं, तिनंच माझ्या आईला दारात बसवून ठेवलं होतं. ठाऊक नसतं तर गोष्ट वेगळी. तिला ठाऊक होतं. गावात एकट्या तिलाच ठाऊक होतं. आई आणि डॉक्टरीण यांच्यात शाळेची एक भिंत होती, आणि दोन्ही बाजू माहीत असलेली ती एकटी बाई पाटलिणीचा मान राखत बसली. 'मावशी, चला आत,' एवढं म्हटलं असतं तर काय झालं असतं? बाया कुजबुजल्या असत्या. बाया तशाही पळाल्याच की. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि कापणाऱ्याला आपण मऊ हातानं वागलो असंच वाटत असतं.

आणि आईचा राग आला नाही असं नाही. तोही आला. माझ्या शेजारी अंथरूण टाकून झोपायची, आणि सांगायला तिला लोणावळ्याचं माणूस लागलं. मी त्या खाटेपाशी बसून दोघींवर रडले.

डॉक्टरिणीचे ते शब्द मात्र मी गाठीला बांधले. पुढं लग्न होऊन उर्श्याला आले, आणि जेव्हा जेव्हा बायकांची तपासणी जवळपास आली तेव्हा दारोदार जाऊन तसंच सांगत राहिले, पाळी गेल्यावर रक्त दिसलं तर या, दुखत नसलं तरी या, कुंकू असो नसो. सासू म्हणायची, सुनेला लाज नाही. लोक म्हणायचे, बाई फटकळ आहे. म्हणू देत. मी हितगुज कधी केलं नाही.

आईला मशीनचा शेक दिला, पण उशीर झाला होता. डॉक्टरिणीनं ते भावाला नाही, मला बाजूला घेऊन सांगितलं, आणि सरळ सांगितलं. सहा महिने आधी दिसलं असतं तर हातात होतं, म्हणाली. भात पिवळं पडायला लागलं होतं तेव्हा आम्ही आईला घरी आणली, आणि कापणी सुरू व्हायच्या आत ती गेली.

दहाव्याच्या आधी बाई भेटायला आल्या. लोणावळ्याहून गाडीनं, बैलगाडीनं, तशाच. ओसरीवर बायका बसल्या होत्या, पाटलीणही होती. बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि त्या रडायला लागल्या. खोटं रडत होत्या असं मी आजही म्हणणार नाही. मग पदरानं डोळे पुसून सगळ्यांकडे बघून म्हणाल्या, "किती सोसलं हो मावशींनी. कधी कुणाजवळ बोलल्या नाहीत. आधी कळलं असतं तर काहीतरी करता आलं असतं."

बायकांनी माना हलवल्या. खरंच बाई, कुणाजवळ बोलली न्हाई.

तोवर मी ठरवलं होतं की आल्या तर काही बोलायचं नाही. आईनं बजावलं होतं, बाईंना बोल लावू नगस, त्यांचा जीव चांगला हाये. पण ते वाक्य ऐकलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्यांनी घडवलेली माझी शुद्ध भाषा तोंडातून गेली कुठल्या कुठं.

"बाई," मी म्हटलं, "आय बोलली व्हती. तुमच्याजवळ बोलली व्हती. तुमी तिला चिंचंखाली बसवलं, म्हनाला, बोलावते. ती बसली. समदी गेली, जीप गेली, तरी बसली व्हती. मरायच्या आदल्या दिशीपत्तुर ती तुमी बोलवायची वाट बगत व्हती."

पाटलिणीनं बाईंकडे बघितलं.

मग बाई उठल्या. चपला घातल्या. आमच्यात दुखवट्याला आलेलं माणूस जाताना 'येते' म्हणत नाही, आणि घरचं कुणी त्याला 'या' म्हणत नाही, पोचवायलाही जात नाही. मी जागची उठले नाही. वेशीपर्यंत त्यांना पोचवायला जायची ती आईच, आणि ती आता नव्हती.